दिवेलागणीच्या आत

दिवस मावळायच्या आत सरपण घरात आलं पाहिजे, हंडे भरलेले पाहिजेत, गुरं दावणीला लागली पाहिजेत आणि कंदिलाची काच पुसून झालेली पाहिजे, ही डिंगोऱ्यातल्या आमच्या लहानपणाची शिस्त होती. घड्याळ बघायची गरज नव्हती. ऊन माळशेजच्या अंगाला कललं, की हात आपोआप भराभर चालायचे. आता चाळीस वर्षांनी त्याच घरात माझा भाचा तीच शिस्त पाळताना मी बघते. त्याचं सरपण, त्याची मेंढरं आणि त्याची रात्र मोबाइलच्या पडद्यावर असते, पण ऊन कलल्यावर त्याच्या बोटांना येणारी घाई माझ्या ओळखीची आहे. अंधार पडल्यावर, दार लावून, उजेडात बसल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे निवांतपण उतरतं, तेही माझ्या ओळखीचं आहे. त्या निवांतपणाबद्दल मला बोलायचं आहे, कारण मुलं मोबाइलवर काय करतात याविषयी आम्ही मोठी माणसं फार लवकर निकाल देऊन मोकळी होतो.

तो खेळतो ते माइनक्राफ्ट. स्वीडनच्या मार्कुस पर्सनने २००९ साली हा खेळ लोकांपुढे ठेवला, २०११ च्या नोव्हेंबरात त्याची पूर्ण आवृत्ती निघाली, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली आणि २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या. एवढ्या मोठ्या व्यापाराच्या पोटात जे आहे ते मात्र अगदी साधं आहे. तुम्हाला एका अनोळखी मुलखात रिकाम्या हाती सोडलेलं असतं. काय करा, कुठे जा, कोणी सांगत नाही. समोर झाडं असतात, डोंगर असतात, पाणी असतं. झाड तोडायचं, लाकडाच्या फळ्या करायच्या, फळ्यांच्या काठ्या, काठ्यांचं अवजार. त्या अवजाराने दगड फोडायचा, दगडाचं चांगलं अवजार करायचं, कोळसा शोधायचा, काठीला कोळसा लावून मशाल करायची. तिथला अख्खा दिवस-रात्र मिळून २० मिनिटांचा. अंधार पडला की नको ते जीव बाहेर पडतात. म्हणून तोवर चार भिंती उभ्या झालेल्या बऱ्या. मेंढराची लोकर मिळाली तर तीन फळ्या आणि तीन लोकरीचे ठोकळे यांची एक खाट होते, तिच्यावर झोपलं की एकदम सकाळ. जिंकणं असं काही नसतंच म्हणा. एका वेगळ्याच मुलखातल्या ड्रॅगनला मारण्याचा एक शेवट खेळात ठेवलेला आहे, पण माझा भाचा तिकडे फिरकलेला मी पाहिला नाही. त्याचं सगळं लक्ष त्याच्या घरावर, गव्हाच्या वाफ्यांवर आणि कुत्र्यावर.

ज्यांनी डिंगोरे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कल्याण-नगर रस्त्यावर ओतूर सोडून माळशेज घाटाकडे निघालं की हे गाव लागतं. हे पुष्पावतीचं खोरं, आणि वायव्येला हरिश्चंद्रगडाचा पसारा. घाटाच्या बाजूला पाऊस धो धो, आणि जसजसं आळेफाट्याकडे उतरत जावं तसा तो विरळ होत जातो. आम्ही मधले. आमच्याकडे बाजरी, कांदा, थोडा भात. आईचं माहेर मढच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, तिथे मात्र भाताची खाचरंच खाचरं. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही आजोळी असायचो, बाकी वर्षभर इथे, आणि दोन्हीकडे आम्हा पोरांच्या वाटणीला यायची ती राखणीची, वेचणीची आणि गोळा करण्याची कामं. गुरांमागे माळावर जायचं, येताना वाळल्या काटक्यांचा भारा आणायचा, वाटेत करवंदं, तोरणं, आळू सापडतील ते खायचं. ओढ्याच्या काठाला दगड रचून, वर निरगुडीचे फोक टाकून आम्ही खोपी करायचो. पावसाळ्यात ती वाहून जायची आणि पुन्हा नवी व्हायची. त्या खोपीत बसून आम्ही काय करत होतो असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं काहीच नाही. बसत होतो. भिंतीतली फट दिसली की छोटा दगड शोधून बसवत होतो.

सगळ्यांत जास्त जीव लागायचा तो गोफणीत. बाजरी हुरड्यात आली की पाखरांचे थवे उतरायचे. मग शेतात माळा उभा राहायचा आणि माळ्यावर आमची पाळी लागायची. गोफण विकत मिळत नसे असं नाही, पण आमच्या घरी ती करायचीच असे. बांधावर केकताड होतं. त्याचं जाड, टोकाला काटा असलेलं पान कोयत्याने बुडापासून छाटायचं. त्याचा रस हाताला लागला तर खाज सुटायची, म्हणून हाताला माती चोळून घ्यायची. पानांची मोळी बांधून ओढ्याच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवायची आणि विसरून जायचं. रोज जाऊन बघितलं तरी काही उपयोग नाही, पान आपल्या मनाने कुजतं. वास सुटला आणि बोटाने चिमटलं की साल सुटायला लागली, म्हणजे तयार. मग दगडावर टाकून धोपटायचं, धुवायचं, पुन्हा धोपटायचं. हळूहळू हिरवं सगळं निघून जायचं आणि हातात पांढरा, लांब, चकाकणारा वाख राहायचा. तो कुंपणावर वाळत घालायचा. आजोबा मांडीवर पीळ देऊन त्याची दोरी वळायचे. आम्ही वळली तर कुठे जाड, कुठे बारीक व्हायची, पण उकलून पुन्हा वळायला कोणी रागवत नसे. मधल्या भागात दगड बसायला तिपेडी वेणीची झोळी, एका टोकाला बोट अडकवायचं वेढं, दुसरं टोक मोकळं सोडायचं, आणि त्याला थोडा सुटा वाख ठेवायचा. गोफण फिरवून झटका दिला की त्या सुट्या वाखाचा फाडकन आवाज व्हायचा. अर्धी पाखरं दगड सुटायच्या आधी त्या आवाजानेच उठायची.

या सगळ्या उद्योगाला पंधरवडा लागत असेल. मला त्यातला कुठलाही दिवस कंटाळवाणा गेल्याचं आठवत नाही. एका कामाच्या पोटात पुढचं काम असायचं. वाख हवा म्हणून पान, पान भिजवायचं म्हणून डोह, डोहात मोळी दाबायची म्हणून मोठा दगड, दगड हलवायचा म्हणून भाऊ हवा, आणि भावाला बोलवायचं म्हणजे आधी त्याची गुरं वळवून द्यायची. एका वेळी डोक्यात एकच गोष्ट असायची, आणि ती कशासाठी चाललीय हे पोटातून ठाऊक असायचं. माणसाच्या मनाला शांत करणारी एवढी खात्रीची दुसरी गोष्ट मी तरी पाहिलेली नाही. आज माझ्या दिवसभराच्या कामाचं शेवटी काय होतं ते मला दिसत नाही. मी पाठवलेला तक्ता कोणीतरी उघडतो, त्यात भर घालतो आणि पुढे पाठवतो. संध्याकाळी हात रिकामे असतात.

माइनक्राफ्टची ओळख मला २०२० च्या टाळेबंदीत झाली. २५ मार्चपासून सगळं बंद. मी पुण्यात फ्लॅटमध्ये, बाकी घर डिंगोऱ्यात. सुरुवातीला रोज फोन व्हायचे आणि दोन्हीकडून त्याच बातम्या, तेच आकडे, तीच भीती. मग भाच्याने फोनवरून मला हा खेळ शिकवायला घेतला. “आत्या, आधी लाकूड तोड. घर नंतर बघू.” मी लाकूड तोडत राहिले. खोडाचा खालचा तुकडा काढला तरी वरचं झाड हवेत तसंच राहतं, हे पाहून आधी विचित्र वाटलं. नंतर सवय झाली. मग ध्यानात आलं, की गेला तासभर मी बातम्या पाहिलेल्या नाहीत, आणि खांदे खाली आले आहेत. पाऊस सुरू झाला होता खेळात. मी मातीच्या चार भिंती आणि वर फळ्या अशा आडोशात उभी होते. बाहेर मेंढरं भिजत होती. तेवढ्यात मागून पियानोचे दोन-चार सूर आले आणि थांबले. हे संगीत जर्मनीच्या डॅनिएल रोझेनफेल्डने केलेलं, तो सी४१८ या नावाने ओळखला जातो. ते सतत वाजत नाही. बराच वेळ नुसता पावलांचा, पाण्याचा, कुऱ्हाडीचा आवाज असतो, आणि मग न सांगता सूर येतात. माळावर एकटं असताना लांबून कोणाचं तरी गाणं कानावर यायचं, ते ऐकताना वाटायची तीच ओढ मला त्यात वाटते.

त्यानंतर मी अशा आणखी खेळांच्या मागे लागले. द लाँग डार्क हा कॅनडातल्या हिंटरलँड या मंडळींचा खेळ, बर्फाच्या मुलखातला. त्यात भुतंखेतं नाहीत, फक्त थंडी, भूक, लांडगे आणि काडेपेटीत उरलेल्या काड्या. एका काडीत चूल पेटली की जो जीव भांड्यात पडतो, तो मला आईच्या चेहऱ्यावर पाहिलेला आठवतो, भर पावसाळ्यात, सरपण ओलं असताना. २०२१ च्या फेब्रुवारीत व्हॅलहाइम आला. स्वीडनमधल्या पाच जणांनी केलेला हा खेळ महिनाभरातच ५० लाख लोकांनी घेतला. टाळेबंद जगाला कशाची भूक लागली होती, ते या आकड्यावरून कळतं. व्हॅलहाइममध्ये छपराखाली, शेकोटीजवळ थोडा वेळ बसलं की माणूस ताजातवाना होतो आणि पुढची वाट त्याला सोपी जाते. विश्रांतीचा फायदा मोजून दिलेला आहे. कामाला किंमत देणारे खेळ पुष्कळ असतील, बसण्याला किंमत देणारा मी पहिल्यांदाच पाहत होते. त्याच खेळात घराला धुराडं ठेवलं नाही तर चुलीचा धूर कोंडतो आणि आतल्या माणसाचा जीव घेतो.

तिथे माझा हात थांबला. डिंगोऱ्याच्या आमच्या घराला धुराडं नव्हतं. कौलांच्या फटींतून जाईल तेवढा धूर जायचा, बाकीचा आईच्या डोळ्यांत. स्वयंपाकघराची भिंत आणि वासे काळेभोर. गॅस आला त्याला आता बरीच वर्षं झाली, पण आईचा खोकला गेला नाही.

म्हणून मी एकदा तिला विचारलं, आपल्या त्या जुन्या दिवसांत तुला शांत वाटायचं का? ती म्हणाली, “शांत बसाया येळ कुनाला व्हता?” आणि पुढे लसूण सोलत राहिली. आम्ही ज्याला निवांत दुपार म्हणत होतो, त्या दुपारी तिची नदीवर दुसरी खेप चाललेली असायची. आमच्या गोफणीला पंधरा दिवस लागले तरी चालत होतं, कारण बाजरी राखली गेली नाही तर काय, ही काळजी आमची नव्हती. सरपणाचा भारा आम्ही आणायचो तो आमच्या डोक्याला झेपेल एवढा. तिचा भारा तिच्या अंगापेक्षा मोठा असायचा. १९७२ च्या दुष्काळात, नुकतं लग्न होऊन आलेली असताना, ती दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती. सुकडी आणि मिलोच्या भाकरीवर दिवस काढले. दगड फोडण्यात मन रमतं असं मी आज म्हणते, आणि ते खरंही आहे, माइनक्राफ्टच्या खाणीत एकेक ठोकळा फोडत जाताना डोकं स्वच्छ होतं. पण तिच्या हातांना दगड कसा लागला ते मला माहीत नाही. त्या हातांची बोटं अजून पूर्ण सरळ होत नाहीत.

स्मरणरंजनात आपण हे विसरतो. गाव शांत होतं, जगणं साधं होतं, असं म्हणताना आपण आपल्या वयाची आठवण सांगत असतो. मोठ्यांनी काळजी उचललेली होती म्हणून पोरांना नुसतं काम उरलं होतं, आणि काळजी वजा केली की कामात जे उरतं ते खेळासारखं असतं. हे खेळ बनवणाऱ्यांनी नेमकी तीच वजाबाकी केलेली आहे. भूक आहे, पण तीन ओंब्या गव्हाची एक पोळी झाली की ती भागते. मरण आहे, पण आपल्याच खाटेवर पुन्हा जाग येते, आणि पडलेलं सामान पाच मिनिटांत जाऊन गाठलं तर परत मिळतं. दमणूक नाही, हाताला घट्टे नाहीत, सावकार नाही. लहानपणी फक्त मुलांच्या वाटणीला येणारं काम इथे कोणालाही, कोणत्याही वयात मिळतं. माझ्या वयाच्या बाईलाही. मला हे खोटं वाटत नाही. उलट वाटतं, आईला तिच्या तरुणपणी यातला एक तास मिळायला हवा होता.

रात्रीचं मात्र आता उलटं झालं आहे. आमच्या लहानपणी डिंगोऱ्यात अंधाराची भीती होती ती साप-विंचवाची आणि गोष्टींतल्या भुताची. बिबट्या होता, पण डोंगरात. आम्ही चांदण्यात लपंडाव खेळायचो, खळ्यावर झोपायचो, मोठी माणसं रात्री पाण्याचं दारं धरायला जायची त्यांच्यासोबत कंदील घेऊन जायचो. मग कुकडी प्रकल्पाचे कालवे वाहू लागले, ऊस वाढला, आणि उसात बिबट्याने घर केलं. उसात जन्मलेल्या पिल्लांना ऊस हेच जंगल. २००१ ते २००३ या वर्षांत जुन्नर भागात माणसांवरचे हल्ले एवढे वाढले की राज्यभर त्याची चर्चा झाली. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभं राहिलं. विद्या अत्रेय यांनी या भागात अभ्यास करून दाखवलं, की एका ठिकाणचे बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याने हल्ले कमी होत नाहीत, वाढतात. आज आमच्याकडे दिवेलागणीनंतर मुलांना अंगणाबाहेर जाऊ देत नाहीत. शेतकरी वर्षानुवर्षं दिवसा वीज मागताहेत ती याचसाठी, रात्री उसाला पाणी द्यायला जाणाऱ्याच्या घरचे तो परत येईपर्यंत जागे असतात.

तेव्हा “आमच्या वेळी पोरं बाहेर खेळायची” हे वाक्य मी डिंगोऱ्यात बोलत नाही. माझ्या भाच्याला संध्याकाळचं बाहेर मिळालेलंच नाही. त्याची एकच संध्याकाळ अशी आहे, की जिथे तो हातात मशाल घेऊन बाहेर पडू शकतो, भिऊ शकतो, आणि पळत येऊन दार लावू शकतो. अंधाराशी स्वतः गाठ घालायची, आपण लावलेल्या मशालींनी तो थोडा मागे सरकवायचा, ही लहान मुलाची फार खोल गरज आहे असं मला वाटतं. आम्हाला ती खळ्यावर भागवता आली.

आमच्या जुन्नर तालुक्यात हे हाताने अवजार घडवणं काही नवीन नाहीच म्हणा. कुकडीकाठच्या बोरी गावात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात ज्वालामुखीच्या राखेच्या थराशी आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली. राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची, की त्याहून पुष्कळ जुनी, यावर अभ्यासकांत बराच वाद झाला. हत्यारं मात्र हातातली आहेत. आमच्याच काळ्या कातळाचा तुकडा उचलून, दुसऱ्या दगडाने त्याचे कपचे उडवून, कोणीतरी त्याला धार आणली होती. जुन्नरच्या डोंगरांत पुढे दोनेक हजार वर्षांपूर्वी माणसांनी छिन्नी-हातोड्याने लेणी आणि पाण्याची टाकी खोदली, नाणेघाटाची वाट दगडात घातली. रिकाम्या हाती येऊन, जे समोर आहे त्यातून अवजार करायचं, अवजारातून आसरा, ही ओढ आपल्या हाडात आहे. भाचा पडद्यावर दगडी कुऱ्हाड करतो तेव्हा मला बोरी आठवतं.

या खेळांबद्दलची काळजी मला कळत नाही असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत जागा दिली, आणि आमच्या गावातही रात्र रात्र पबजी खेळणारी पोरं मी पाहिली आहेत. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पबजीवर बंदी घातली तेव्हा कित्येक घरांत हायसं वाटलं. पण सगळे खेळ एका मापाने मोजू नयेत. अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि मॅटी वोरे यांच्या ऑक्सफर्डमधल्या पाहण्यांतून एवढं दिसतं, की नुसते तास मोजून माणसाचं बरं-वाईट ठरत नाही, मनापासून खेळणं आणि सुटता येत नाही म्हणून खेळणं यांत फरक पडतो. माझं माप घरगुती आहे. जेवायला हाक मारल्यावर मूल येतं का, आणि आल्यावर बोलतं का. भाचा येतो. ताटावर बसून आज कुठली गुहा सापडली ते सांगतो. एखाद दिवशी आला नाही तर त्याचा बाप वायफाय बंद करतो, तेही योग्यच आहे.

माझी खरी रुखरुख वेगळी आहे. आमची कामं एकट्याची नव्हती. आजोळी तर उन्हाळ्यात पडकई चालायची. डोंगराच्या उतारावर भातासाठी खाचर घालायचं तर एका घराच्या हातांनी ते होत नाही, दगडांचा बांध रचायचा, माती ओढून सपाटी करायची. मग वाडीतली घरं एकत्र यायची, आज तुझं शेत, उद्या माझं. मजुरीचा हिशोब नाही, काम ज्याचं त्याच्याकडे जेवण. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी समाजाने अशी कित्येक डोंगरउतारांवरची खाचरं उभी केली. घोड नदीवरच्या डिंभे धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या आंबेगावच्या आदिवासी कुटुंबांबरोबर शाश्वत संस्थेने काम केलं, त्यात पडकईला पुन्हा बळ दिलं, आणि त्या संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. लहानपणी मी पडकईवर पाणी द्यायला जायचे. बायका एका ओळीत मातीची पाटी हातोहात पुढे द्यायच्या, आणि दुपारी मिरचीचा ठेचा, भाकरी, आणि सगळ्यांचं मिळून हसणं. एकट्याने खेळायच्या खेळात हे कुठून येणार, असं मी समजून होते.

गेल्या मे महिन्यात डिंगोऱ्यात गेले तेव्हा ओट्यावर चार मुलं बसलेली. भाचा, शेजारचे दोघे आणि ओतूरहून आलेला एक. एकाच्या मोबाइलचं हॉटस्पॉट चालू करून चौघेही एकाच जगात शिरलेले. त्यांनी एक अख्खा डोंगर निवडला होता आणि त्याच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी खाचरं घालत होते. आजीच्या माहेरासारखी, असं भाचा म्हणाला. खेळात भात नाही, म्हणून गव्हालाच भात म्हणायचं ठरलं होतं. एक जण दगड फोडून आणत होता, दोघे बांध रचत होते, ओतूरचा मुलगा बादलीने पाणी सोडत होता. मोठमोठ्याने भांडणं चालली होती, कोणाचा बांध वाकडा, कोणी माती चोरली.

आई बाजूला लसूण सोलत बसलेली. तिने वाकून पडद्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहत राहिली.

“पानी कुठनं काढनार रं?” तिने विचारलं.

“कुठलं पाणी, आजी?”

“पावसाचं. खाचार भरलं की बांध फुटल. सांडवा कुठंय?”

“इथं पाऊस साठत नाही, आजी. नुसता पडतो.”

“मग त्यो पाऊस कसला?”

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. भाच्याने वरच्या बांधाच्या एका कोपऱ्यातला दगड काढला. पाणी खालच्या खाचरात उतरलं. ओतूरचा मुलगा म्हणाला, मग खालच्यालाही दार पाहिजे, आणि त्याने बरोबर त्याच्या सरळ खालचा दगड फोडायला घेतला.

“तितं नको,” आई म्हणाली. “एका रेघंत सांडवं काढलं की पानी जोर धरतं, माती घिऊन जातं. ह्याचं इकडं, तर त्याचं तिकडच्या टोकाला.”

त्यांनी काढलेला दगड परत बसवला आणि दुसऱ्या टोकाला गेले. किती खाचरं झाली, अजून किती व्हायची, कोण कुठलं करणार, याची वाटणी नव्याने सुरू झाली. आईने लसणाचं सूप बाजूला सारलं आणि मला आतून तिचा चष्मा आणायला सांगितला.